मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

"किती तासांचा प्रवास आहे?" या प्रश्नाची एकाच घरात तीन उत्तरं मिळतात. मुलगा म्हणतो साडेसतरा तास. तिकिटावर छापलेलं असतं पावणेवीस. आणि आई पोचल्यावर फोनवर सांगते, "घरातून निघाल्यापासून एकतीस तास झाले रे." तिघंही बरोबर असतात, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. घोटाळा होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवल्यावर. मग कुणीतरी चुकीच्या तारखेला विमानतळावर जाऊन उभं राहतं, नाहीतर दीड तासाच्या थांब्यात दुसरं विमान गाठायला धापा टाकत धावतं.

खाली मुंबई ते न्यूयॉर्क हा एकच प्रवास धरून सगळा हिशेब केला आहे. पद्धत कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांना लागू पडते. तिकीट, कागद आणि पेन घेऊन बसा. फोनवरचं गणनयंत्र चालेल, पण वेळांची वजाबाकी त्यावर करू नका. तिथे ६० मिनिटांचा तास १०० चा होतो.

## टप्पा १: आधी विमानतळ ठरवा, शहर नाही

अंतर दोन विमानतळांमधलं असतं. शहराच्या नावावर शोध घेतलात की संकेतस्थळ कुठला तरी एक विमानतळ परस्पर धरून मोकळं होतं. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड आधी कागदावर उतरवा.

मुंबईचा सहारचा विमानतळ म्हणजे बी-ओ-एम. नवी मुंबईचा नवा विमानतळ एन-एम-आय. दोन्ही 'मुंबई' म्हणूनच शोधात येतात, आणि मधला रस्ता संध्याकाळच्या वाहतुकीत तुमचा सगळा हिशेब खाऊन टाकतो. गोव्यात दाबोळीचा कोड जी-ओ-आय, मोपाचा जी-ओ-एक्स. न्यूयॉर्कला जे-एफ-के आणि लाग्वार्डिया (एल-जी-ए) शहरात आहेत, नेवार्क (ई-डब्ल्यू-आर) नदीपलीकडे न्यू जर्सीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या लेकीकडे निघाला असाल तर नेवार्क सोयीचा. जे-एफ-केला उतरलात तर जावयाला अख्खं शहर ओलांडून यावं लागेल.

सावध: एन-वाय-सी (न्यूयॉर्क) आणि एल-ओ-एन (लंडन) हे शहरांचे कोड आहेत, विमानतळांचे नव्हेत. शोधताना चालतात, हिशेबात नाहीत.

सावध: सॅन होजे दोन आहेत. कॅलिफोर्नियातला एस-जे-सी, कोस्टा रिकातला एस-जे-ओ. एका अक्षराने माणूस दुसऱ्या देशात उतरतो.

## टप्पा २: अंतर मोजा, पण नकाशावर पट्टी ठेवून नाही

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती अरबी समुद्र, सौदी, इजिप्त, अल्जीरिया असं करत अटलांटिकवर जाते. त्या रेघेची लांबी भरते जवळजवळ १४,२०० किमी. खरं सर्वांत कमी अंतर आहे सुमारे १२,५३० किमी. फरक सोळाशे-सतराशे किलोमीटरचा, म्हणजे दोन तासांच्या उड्डाणाचा.

कारण सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून मोठा दाखवतो. गोलावर सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाचा (ग्रेट सर्कल) तुकडा. ती मुंबईहून वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकत निघते: पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, मग थेट आइसलंडवरून कॅनडाच्या किनाऱ्यावर. सीटसमोरच्या पडद्यावर विमान 'वर का चाललंय' असं पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. ते सरळच चाललेलं असतं.

पटत नसेल तर घरातला पृथ्वीगोल काढा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा ४०,००० किमी, म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे ४२५ किमी. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल. मुलांसोबत एकदा करून बघाच. गणितापेक्षा दोऱ्यावर चटकन विश्वास बसतो.

कामाच्या हिशेबासाठी मात्र नेटवर मोजा. संगणकावर गुगल मॅप्स उघडा, पहिल्या विमानतळावर उजवी टिचकी देऊन अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी द्या. रेघ वाकडी दिसेल. तीच बरोबर. 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की हेच मिळतं.

नेहमीची चूक एककाची. हेच अंतर कुठे ७,७९० दिसतं, कुठे ६,७६०. पहिले मैल (१ मैल = १.६०९ किमी), दुसरे नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). आकड्यापुढचं एकक लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ताळा: मुंबई ते लंडन हीथ्रो सुमारे ७,२०० किमी, मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किमी, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किमी. तुमचं उत्तर यांच्या शेजारी ठेवून बघा. दोन संकेतस्थळांत वीस-तीस किलोमीटरचा फरक आला तर सोडून द्या. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी किंचित चपटी.

## टप्पा ३: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

लांबच्या विमानांचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असतो. म्हणून लोक १२,५३० ला ९०० ने भागतात आणि चौदा तास सांगून मोकळे होतात. हा वेळ कधीच जुळत नाही. चढायला आणि उतरायला वेग कमी असतो, वाट थोडी वळते, आणि वेळापत्रकातला वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून धरलेला नसतो. तो गेटवरून मागे सरकल्यापासून ते पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. रांगेत पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं इथे नवलाचं नाही.

मी वापरतो तो ढोबळ नियम असा:

१. किलोमीटरमधलं अंतर ८५० ने भागा.
२. त्यात अर्धा तास मिळवा.
३. पश्चिमेकडे जात असाल तर पाऊण तास वाढवा. पूर्वेकडे येत असाल तर पाव ते अर्धा तास कमी करा.

मुंबई–न्यूयॉर्क: १२,५३० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास. अर्धा तास धरून सव्वापंधरा. जाताना सोळा, येताना पावणेपंधरा ते पंधरा. थेट विमानांच्या वेळापत्रकाशी हे बऱ्यापैकी जुळतं. लंडनला हाच नियम लावला तर जाताना पावणेदहा आणि येताना पावणेनऊच्या आसपास येतात.

जाण्या-येण्यातला हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. परतीच्या विमानात पडद्यावर ताशी हजाराच्या वरचा वेग दिसतो, तो याच पाठीवरच्या वाऱ्यामुळे. 'पृथ्वी खालून फिरते म्हणून जाताना वेळ लागतो' हे उत्तर दर उन्हाळ्यात कुणीतरी देतंच. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, त्यामुळे ते खोडून टाका.

सावध: हा नियम चार हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासालाच लावा. मुंबई–दिल्लीला लावलात तर पावणेदोन-दोन तास येतील आणि तिकिटावर त्याहून जास्त असतील. छोट्या प्रवासात जमिनीवरचा वेळच मोठा.

आता हवाई हद्दीचं. वरची वाट कुठल्या कुठल्या देशांवरून जाते ते पुन्हा वाचा. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली, तेव्हा युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश मिळत नाही, भारतीय कंपन्यांना मिळतं. म्हणून त्याच दोन विमानतळांमध्ये दोन कंपन्यांचे वेळ वेगळे असू शकतात. त्यात कुणाची लबाडी नसते. दिल्लीहून निघणाऱ्यांना पाकिस्तानच्या बंदीचा फटका जास्त बसतो, मुंबईहून कमी, कारण मुंबईच्या विमानाला समुद्रावरून पश्चिमेकडे सरकायला वाव आहे.

ताळा: विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर टाका आणि मागच्या आठवड्यात ते विमान खरोखर किती वेळात पोचलं ते बघा. एका दिवसाचा आकडा धरू नका. पाच-सहा दिवसांचे बघा आणि त्यातला मधला घ्या.

## टप्पा ४: दोन घड्याळं एका घड्याळावर आणा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटायची मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची. त्यांची थेट वजाबाकी केली तर सोळा तासांचा प्रवास साडेपाच तासांचा होतो. उपाय एकच: सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि इथलं घड्याळ वर्षभर हलत नाही. तिकडची हलतात:

- न्यूयॉर्क भारताच्या मागे: हिवाळ्यात १० तास ३० मिनिटं, उन्हाळ्यात ९ तास ३० मिनिटं.
- सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात १३ तास ३० मिनिटं, उन्हाळ्यात १२ तास ३० मिनिटं.
- लंडन: हिवाळ्यात ५ तास ३० मिनिटं, उन्हाळ्यात ४ तास ३० मिनिटं.
- दुबई: वर्षभर १ तास ३० मिनिटं.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा) एकाने घड्याळ फिरवलेलं असतं, दुसऱ्याने नसतं. मार्चमध्ये लंडनमार्गे जाणाऱ्यांचा हिशेब हमखास इथे एका तासाने चुकतो.

आता प्रत्यक्ष करून बघू. नमुन्याचं तिकीट, जानेवारीतलं, दुबईमार्गे:

- मुंबई सुटणार १५ जानेवारी, पहाटे ०४:३०. दुबई पोचणार त्याच दिवशी ०६:१५.
- दुबई सुटणार ०८:३०. जे-एफ-के पोचणार १५ जानेवारी, दुपारी १३:४५.

कागदावर तीन रकाने आखा: गाव, तिथली वेळ, भारतीय वेळ. दुबईचे ०६:१५ म्हणजे भारतीय ०७:४५. दुबईचे ०८:३० म्हणजे १०:००. न्यूयॉर्कचे १३:४५ अधिक १०:३० म्हणजे २४:१५, म्हणजेच १६ जानेवारीचे ००:१५. तिसऱ्या रकान्यात तारीखही लिहा, कारण ती बदलली आहे.

आता फक्त तिसऱ्या रकान्यात वजाबाकी. पहिलं उड्डाण ३ तास १५ मिनिटं. थांबा २ तास १५ मिनिटं. दुसरं उड्डाण १४ तास १५ मिनिटं. एकूण ०४:३० पासून दुसऱ्या दिवशीच्या ००:१५ पर्यंत १९ तास ४५ मिनिटं.

ताळा: तीन तुकड्यांची बेरीज आणि एकूण फरक जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर बहुतेक अर्ध्या तासाची गफलत असते. साडेदहाचे दहा धरले जातात.

परतीला तारीख उलटी छळते. न्यूयॉर्कहून १५ ला रात्री २१:०० ला सुटलेलं थेट विमान मुंबईला १६ ला रात्री सव्वादहाच्या सुमारास येतं. सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी निघून एक थांबा घेतला तर तारीख दोनने पुढे गेलेली असते. तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात छापलेले +१ आणि +२ ते याचसाठी.

सावध, आणि हा इशारा मी स्वतः ठेच खाऊन देतो आहे. काकांचं तिकीट १५ तारखेचं होतं, वेळ ००:४०. मी घरात सगळ्यांना '१५ च्या रात्रीचं विमान' असं सांगून टाकलं. १५ ला रात्री साडेनऊला आम्ही सहारला. बॅगांना नायलॉनची दोरी, दोरीवर मार्करने मोठ्या अक्षरात नाव, काकूंच्या हातात दशम्यांचा डबा. दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "ये तो कल रात को गया." ००:४० म्हणजे १५ तारीख सुरू होऊन चाळीस मिनिटं. घरातून निघायचं होतं १४ ला. परतताना काकू एवढंच म्हणाल्या, "दशम्या तरी खाऊन घ्या." तेव्हापासून मध्यरात्र ते पहाटे पाचच्या मधलं कुठलंही विमान असलं की मी फ्रिजवर तारीख लिहीत नाही, 'गुरुवारी जेवून निघायचं' असं लिहितो.

## टप्पा ५: थांब्याचा हिशेब

आधी शब्द. 'नॉनस्टॉप' म्हणजे मधे न थांबणारं विमान. 'डायरेक्ट' म्हणजे एकच क्रमांक, पण मधे एखाद्या विमानतळावर उतरू शकणारं. तिकीट काढताना थांब्यांच्या जागी शून्य दिसतंय का ते बघा.

थांबा घेतल्याने अंतर फार वाढतं असं वाटतं. गाव वाटेवर असेल तर तसं होत नाही. मुंबई–लंडन–न्यूयॉर्क सुमारे १२,७५० किमी, थेटपेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे सुमारे १२,९५०, म्हणजे चारेकशे जास्त. पण सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरमार्गे गेलात तर १३,५०० चे १७,५०० होतात, चार-पाच तास हवेतच जातात. स्वस्त तिकिटाच्या मोहात पडण्याआधी एवढी बेरीज करा.

दोन विमानांच्या मधे किती वेळ हवा? माझा हिशेब असा: एकाच तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये असेल तर दोन तास. टर्मिनल बदलत असेल तर तीन. सोबत वयस्कर माणसं आणि व्हीलचेअर असेल तर त्यावर आणखी एक तास. वेबसाइट तुम्हाला सव्वा तासाचा थांबाही विकेल. नियमाला धरूनच विकेल, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की तुमचा जीव टांगणीला.

दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हे सगळं रद्द. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नवे प्रवासी. सामान बाहेर काढायचं, पुन्हा द्यायचं, त्यासाठी त्या देशात शिरायचा व्हिसाही लागू शकतो. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले. पाच-सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल तर या वाटेला जाऊ नका.

सावध: अमेरिकेत आतलं दुसरं विमान धरायचं असेल तर साधारणपणे पहिल्या अमेरिकन विमानतळावरच इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणं, कस्टम आणि पुन्हा सामान देणं असं सगळं करावं लागतं, बॅगेवरची चिठ्ठी शेवटच्या गावाची असली तरी. तिथे तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. अबू धाबीमार्गे जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. म्हणजे जास्तीचा वेळ तिथल्या थांब्यात धरायचा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणार असाल तर पहाटेचं धुकं लक्षात ठेवून थांबा मोठा घ्या.

## टप्पा ६: दारापासून दारापर्यंत

आता तिसरा आकडा, आईचा. वरचंच तिकीट, माणसं पुण्याची.

विमान ०४:३० ला गेट सोडणार. गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, सामान घेणारा काउंटर तासभर किंवा त्याहूनही आधी. नेमकी वेळ तिकिटावर असते, ती वाचा. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे ०१:३०. पुणे ते सहार चार तास, घाट आणि चेंबूरची भीती धरून आणखी एक तास. निघायचं १४ ला रात्री २०:३० ला. हिशेब असा मागून पुढे करायचा. घरातून निघायची वेळ आधी ठरवून पुढे मोजत गेलात की उशीर झालाच.

पलीकडे १३:४५ ला विमान गेटवर. इमिग्रेशन, बॅगा, बाहेर येणं यांना दोन तास, गाडीने घर सव्वा तास. दारात १७:०० ला. न्यूयॉर्कचे १७:०० म्हणजे भारतीय वेळेने १६ जानेवारीचे ०३:३०.

१४ ला २०:३० पासून १६ ला ०३:३० पर्यंत ३१ तास. हवेत साडेसतरा, तिकिटावर पावणेवीस, अंगावर एकतीस. गोळ्यांच्या वेळा, डब्यातलं खाणं, पायांवर येणारी सूज हे सगळं या शेवटच्या आकड्यावर ठरवा. मधुमेहाचं इन्सुलिन असेल तर भारतीय वेळेचा तोच तिसरा रकाना डॉक्टरांना दाखवा. 'किती तासांचा प्रवास' एवढं तोंडी सांगून त्यांना काहीच ठरवता येत नाही.

## टप्पा ७: निघण्याआधी दोनदा तपासा

कंपन्यांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या सुमारास बदलतात. सहा महिने आधी तिकीट काढलं असेल तर वेळ दहा मिनिटांनीही सरकलेली असू शकते, तासानेही. निघायच्या आठवडाभर आधी एकदा आणि चोवीस तास आधी एकदा पीएनआर टाकून बघा. पहिलं विमान सरकलं असेल तर टप्पा ५ पुन्हा करा.

मग घरच्या ग्रुपवर एकच संदेश टाका, वारासकट, आणि दोन्हीकडच्या वेळा वेगळ्या लिहून. असा:

"गुरुवार १४ ला रात्री साडेआठला पुण्याहून निघणार. विमान शुक्रवार १५ ला पहाटे ०४:३०, मुंबई, बी-ओ-एम, टर्मिनल २. दुबईत सव्वादोन तास. जे-एफ-केला शुक्रवार १५, दुपारी १३:४५ तिकडची वेळ (आपल्याकडे शुक्रवार-शनिवारच्या मधली रात्र, सव्वाबारा). बाहेर यायला चार वाजतील, त्याआधी कुणी फोन करू नये."